सामाजिक समस्येचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करावा : महाराष्ट्रातील मुलींच्या घटत्या प्रमाणाचे उदाहरण

एखादी गोष्ट वाईट आहे एवढ्यावरून ती समाजशास्त्राच्या अर्थाने सामाजिक समस्या ठरत नाही. ती पुष्कळांना भोगावी लागते, तिची कारणे समाजाच्या घडणीत असतात आणि ती बदलली पाहिजे असे कोणीतरी जाहीरपणे म्हटलेले असते, या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. या विषयातील संकल्पना पाठ्यपुस्तकांत सुट्या व्याख्यांच्या रूपात भेटतात आणि परीक्षा संपताच विस्मरणात जातात. म्हणून त्या एकाच प्रश्नाला क्रमाने लावून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. येथे महाराष्ट्रातील ० ते ६ वयोगटातील बाललिंग गुणोत्तराचा प्रश्न घेतला आहे.

पायरी १ : आधी स्थिती मोजावी

राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. कोणताही हस्तक्षेप नसताना जन्माच्या वेळी हे प्रमाण साधारण ९५० असते, त्यामुळे ही घट योगायोगाची नाही. राज्याच्या सरासरीवर मात्र थांबू नये : बीड जिल्ह्यात हा आकडा २००१ मध्ये ८९४ होता, तो २०११ मध्ये ८०७ वर आला, त्याच दशकात कोल्हापूरचा आकडा ८३९ वरून ८६३ वर गेला. एकाच गावाचे आकडे वापरताना अधिक सावध राहावे. वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात २२ मुलगे आणि १८ मुली जन्मल्या तर गुणोत्तर ८१८ येते, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. अशा ठिकाणी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करूनच बोलावे.

पायरी २ : खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न वेगळे करावेत

हा भेद अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडला. पहिली मुलगी असलेल्या सुनेवर दुसऱ्या वेळी गर्भाचे लिंग तपासून घेण्यासाठी दबाव येतो, तेव्हा ती त्या घराची अडचण वाटते आणि सासू समजूतदार असती तर ती टळली असती असेही वाटते. परंतु तोच निर्णय हजारो घरांत, एकमेकांशी न बोलता, सारखाच घेतला जात असेल तर उत्तर सासूच्या स्वभावात शोधून भागत नाही.

पायरी ३ : दावा कोणी, कधी आणि कोणाविरुद्ध मांडला ते शोधावे

हर्बर्ट ब्लूमर यांनी १९७१ मध्ये, आणि माल्कम स्पेक्टर व जॉन किट्सुस यांनी १९७७ मध्ये, असे प्रतिपादन केले की सामाजिक समस्या म्हणजे नुसती स्थिती नव्हे, तर तिच्याविषयी दावे मांडण्याची आणि ते मान्य करून घेण्याची प्रक्रिया होय. सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण येथे सनावळी हाताशी घेऊन बसावे लागते.

गर्भजलपरीक्षा भारतात १९७० च्या दशकात आली ती गर्भातील दोष ओळखण्यासाठी, आणि थोड्याच वर्षांत तिचा वापर लिंग ओळखण्यासाठी होऊ लागला. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढे हुंड्याचे हजारो रुपये वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे केल्या जात होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी लिंगनिदानाविरुद्ध मंच उभारला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ मध्ये अमलात आला. अंमलबजावणी होत नाही म्हणून सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

विरोधी दावेही नोंदवावेत. हा कुटुंबाचा खासगी निर्णय आहे, असे म्हणणारे होतेच. पण मुली कमी झाल्या की त्यांचे मोल आपोआप वाढेल, असा युक्तिवादही त्या काळी विद्वानांच्या चर्चेत गंभीरपणे केला गेला. आज तो वाचवत नाही. तरीही तो टिपून ठेवावा, कारण समस्या मान्य होण्याआधी कशाशी झगडावे लागले हे त्यावरूनच कळते.

या सनावळीशेजारी पहिल्या पायरीतील आकडे ठेवल्यास दिसते की सर्वांत मोठी घसरण राज्याचा कायदा झाल्यानंतरच्या दशकात, १९९१ ते २००१ या काळात झाली. समस्येला मान्यता मिळणे आणि स्थिती सुधारणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत.

पायरी ४ : व्याख्येतून कोण दोषी ठरतो ते पाहावे

प्रश्नाची मांडणी ‘स्त्रीभ्रूणहत्या’ अशी केली की नजर गर्भपातावर आणि पर्यायाने गर्भवतीवर जाते. ‘लिंगनिवड’ अशी केली की सोनोग्राफी केंद्रावर आणि कुटुंबावर जाते. ठरावीक अटींवर गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे, म्हणून हा फरक व्यवहारातही जाणवतो. लिंगनिदानविरोधी कायद्याने, उलट सिद्ध होईपर्यंत, स्त्रीला पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असे गृहीत धरले आहे. शिक्का कोणावर बसणार, हे येथे कायद्याच्या मसुद्यातच ठरते.

पायरी ५ : कारणे रचनेत शोधावीत आणि सोपे उत्तर आधी तपासावे

गरिबी आणि अज्ञान हे सर्वांत सोपे उत्तर आहे, आणि ते येथे टिकत नाही. आदिवासी लोकसंख्या मोठी असलेल्या गडचिरोलीत २०११ मध्ये हे गुणोत्तर ९६० च्या आसपास होते, तर ऊस आणि सिंचनाने सधन झालेले कोल्हापूर त्याच्या बरेच मागे होते. जमिनीचा वारसा, हुंडा, म्हातारपणी मुलाचा आधार आणि लहान कुटुंबाची अपेक्षा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत : दोनच मुले हवीत आणि त्यांतला एक मुलगाच हवा, अशा ठिकाणी तंत्रज्ञान विकत घेण्याची ऐपत ही निर्णायक बाब ठरते. विल्यम ऑगबर्न यांची सांस्कृतिक पश्चायनाची कल्पना, म्हणजे तंत्र पुढे जाते आणि मूल्ये मागे रेंगाळतात, येथे अर्धीच लागू पडते. नव्या यंत्राने जुन्या मूल्याला आव्हान दिले नाही, उलट त्याची सोय केली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती, पण हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची रीत तिच्यानंतरही चालू राहिली.

पायरी ६ : उपायाचे अप्रकट परिणाम तपासावेत

रॉबर्ट मर्टन यांनी प्रकट कार्ये, म्हणजे हेतू ठेवून साधलेले परिणाम, आणि अप्रकट कार्ये, म्हणजे हेतू नसताना घडणारे परिणाम, वेगळी केली. तीच फूटपट्टी उपायांनाही लावावी. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीसाठी अपात्र ठरवणारा नियम लोकसंख्येसाठी होता, परंतु मुलाची ओढ असलेल्या घरात तो दुसऱ्या गर्भाच्या वेळीच दडपण वाढवू शकतो. लिंगनिदानविरोधी कायद्याखाली होणाऱ्या सरकारी तपासण्यांच्या धाकाने एखादा डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही नकार देतो, तेव्हा त्याची झळ भलत्याच स्त्रीला लागते. म्हणून आपल्या तालुक्यातील अभ्यासात जन्मनोंदीसोबत दोन प्रश्न जोडावेत : पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अपत्यांतील मुलींचे प्रमाण वेगवेगळे किती आहे, आणि वैध गर्भपाताची सेवा सर्वांत जवळ कोठे मिळते.