सिगारची पानं वाळवताना घाई नको

घरच्या परसात कनेक्टिकट ब्रॉडलीफ किंवा हबानोसारखी सिगारची तंबाखू लावली असेल, तर खरी कसोटी तोडणीनंतर लागते. पान उन्हात किंवा पंख्याखाली झटपट सुकवलं की हिरवा रंग तसाच अडकून बसतो आणि मग कितीही महिने ठेवलं तरी तो कच्चा, गवताळ वास जात नाही. पान आधी पिवळं, मग तपकिरी व्हायला हवं आणि त्यासाठी ते तेवढे दिवस थोडं जिवंत राहायला हवं.

म्हणून सावलीची, हवा खेळती राहील अशी खोली निवडा. आर्द्रता साधारण 65 ते 75 टक्के ठेवा. खूप कोरडं वाटलं तर जमिनीवर पाणी शिंपडा, दमट झालं तर खिडक्या उघडा, नाहीतर बुरशी धरते. पानं एकमेकांना चिकटू देऊ नका. ब्रॉडलीफचं अख्खं झाड कापून उलटं टांगतात, तर कापडाच्या सावलीत वाढवलेल्या कनेक्टिकट शेडची पानं खालून वर, पिकतील तशी खुडून दोरीत ओवतात. सहा-आठ आठवडे लागतात. मधली शीर कट्‌कन मोडली की वाळवण झालं. कोरड्या पानाला मात्र हात लावू नका, चुरा होतो. दमट हवेत ते मऊ पडलं की मगच उतरवा. त्यानंतर आंबवणं उरतंच, तोवर अमोनियाचा उग्र वास राहणार.

ओली पानं हाताळताना हातमोजे घालाच. निकोटीन कातडीतून शिरतं, मळमळ आणि चक्कर येते.