समीकरणं तीच, मग आलेख वेगळा का? जैविक मॉडेल करताना या चुका टाळा

२०२१ मध्ये बायोमॉडेल्स या जैविक मॉडेल्सच्या ऑनलाइन संग्रहाच्या चमूने प्रकाशित लेखांतली ४५५ गणिती मॉडेल्स पुन्हा चालवली. लेखातल्या माहितीवरून जवळजवळ निम्म्यांचे निकाल मिळाले नाहीत. गाळलेली पॅरामीटर, न दिलेल्या आरंभीच्या किमती, चिन्हांच्या आणि एककांच्या चुका ही त्यांना सापडलेली काही कारणं.

२००० सालचा रेप्रेसिलेटर घ्या: ई. कोलाय या जिवाणूतली तीन जनुकं एकमेकांना साखळीने दाबतात आणि प्रथिनांचं प्रमाण वरखाली होत राहतं.

पहिली चूक अर्धायुकालाची. एमआरएनएचा (जनुकाची प्रत असलेला, प्रथिन बनवण्याचा आराखडा देणारा रेणू) अर्धायुकाल, म्हणजे निम्मे रेणू नष्ट व्हायला लागणारा वेळ, २ मिनिटं, म्हणून विघटनाचा दर १/२ धरला जातो. खरा दर ०.६९३/२, म्हणजे मिनिटाला ०.३४७. 'एका एमआरएनएमागे २० प्रथिनं' हा आकडा तर आणखी फसवा. तो त्या रेणूच्या सरासरी आयुष्याचा, म्हणजे २.८८५ मिनिटांचा आहे. त्यामुळे प्रथिनं बनण्याचा वेग मिनिटाला ६.९३ येतो. २ ने भागलं की १० येतात, आणि इतका सुटसुटीत आकडा कुणी पुन्हा तपासत नाही. शिवाय जनुकापासून एमआरएनए बनण्याचा ०.५ हा दर सेकंदाचा आहे. मिनिटांत तो ३०.

आलेख सपाट आला? आरंभीच्या किमती पाहा. तिन्ही जनुकांसाठी त्या सारख्याच असतील, तर मॉडेल सममित राहतं आणि दोलन सुरूच होत नाही. एका एमआरएनएला २० द्या, बाकी शून्य ठेवा. सारख्या किमतींवरही कधी कधी दोलन उशिरा सुरू होतं. ती पूर्णांकनाची सूक्ष्म चूक वाढत गेलेली असते. ते कधी सुरू होईल हे सॉफ्टवेअरवर आणि टॉलरन्सवर (गणनेत किती चूक चालेल ती मर्यादा) ठरतं, म्हणून तेच मॉडेल चालवणाऱ्या दोघांचे आलेख सरकलेले दिसतात.

टॉलरन्स शंभरपट कडक करून पाहा. आलेख बदलला, तर आधीचा निकाल गणनेचा होता, पेशीचा नव्हे.

गिलेस्पी पद्धतीत, म्हणजे एकेक रासायनिक क्रिया यादृच्छिकपणे घडवणाऱ्या गणनेत, सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) आणि किती वेळा चालवलं ते नोंदवा. तुलना सरासरीची आणि विखुरणीची करा. १ फेम्टोलिटरमध्ये १ नॅनोमोलर म्हणजे सुमारे ०.६ रेणू, हे रूपांतर विसरू नका.

एसबीएमएल या मॉडेल लिहिण्याच्या प्रमाणित स्वरूपातल्या फाइलमध्ये फक्त मॉडेल असतं. किती वेळ, कोणता सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम), कोणता आलेख, हे सेड-एमएल या गणनेचं वर्णन करणाऱ्या स्वरूपात लिहा. दोन्ही फाइली, विदा आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एका ओमेक्स संग्रहात (सगळ्या फाइली एकत्र ठेवणारी एकच फाइल) बांधा. मग तो संग्रह, तोंडी एकही सूचना न देता, सहकाऱ्याला त्याच्या संगणकावर चालवायला द्या. त्याने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर फाइलीत घाला.