फ्रान्समध्ये अडकलेले रशियन शिपाई: नववीच्या वर्गात हा विषय कसा घ्याल

रशियन राज्यक्रांती शिकवताना आपण थेट पेट्रोग्राड, म्हणजे तेव्हाची रशियाची राजधानी, गाठतो. झार, पावासाठीच्या रांगा, लेनिन, आणि धडा संपला. मी सातारा जिल्ह्यात इतिहास शिकवते. माझ्या वर्गात घरातलं कोणी ना कोणी फौजेत आहे अशी बरीच मुलं असतात, आणि त्यांना क्रांती कळते ती शिपायाच्या बाजूने. म्हणून मी सुरुवात फ्रान्सपासून करते. १९१७ साली झार पायउतार झाला तेव्हा हजारो रशियन शिपाई फ्रान्सच्या आघाडीवर होते. तिकडे देश उलथापालथा होत होता आणि यांना घरी जायला वाट नव्हती. या विषयाला तीन तास द्या, कमी नकोत.

पहिला तास नकाशाचा. जगाचा मोठा नकाशा भिंतीवर लावा, टाचण्या आणि लाल दोरा घ्या. विचारा: १९१६ चा जानेवारी आहे, मॉस्कोहून फ्रान्सला जायचंय, कसे जाल? मुलं सरळ पश्चिमेकडे बोट फिरवतात. फिरवू द्या. मग एकेक वाट बंद करत चला. मधे जर्मनी आणि ऑस्ट्रिया. बाल्टिक समुद्रात जर्मन आरमार. काळ्या समुद्राच्या तोंडावर तुर्कस्तान. उत्तरेला अर्खांगेल्स्क बंदर, पण ते हिवाळ्यात गोठलेलं. उरते ती उलटी वाट. या शिपायांची पहिली ब्रिगेड, म्हणजे काही हजारांची तुकडी, आगगाडीने सैबेरिया ओलांडून चीनच्या किनाऱ्यावरच्या दालियान बंदरात गेली, तिथून फ्रेंच बोटींनी सायगाव, कोलंबो, सुएझ करत २० एप्रिल १९१६ ला मार्सेलला उतरली. दोरा कोलंबोला वळला की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात. त्याच मार्सेलला १९१४ मध्ये आपल्याकडच्या फौजा उतरल्या होत्या, हे इथेच सांगा. १९१६ च्या उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर, तिसरी ब्रिगेड मात्र अर्खांगेल्स्कहून ब्रेस्टला आली, तिचा दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. दोन्ही दोरे तिसऱ्या तासापर्यंत भिंतीवर राहू द्यात. परतायचं तर याच वाटा आहेत, हे मुलांना आपणहून दिसलं पाहिजे.

त्यांना का पाठवलं, हे थोडक्यात पण स्पष्ट सांगा. फ्रान्सकडे माणसं कमी पडत होती, रशियाकडे बंदुका. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रेंच सेनेटर पॉल दूमेर रशियाला गेले आणि शस्त्रांच्या बदल्यात शिपाई मागितले. आपल्याला कशाच्या मोबदल्यात इथे आणलंय, हे त्या शिपायांच्या मनात पुढे फार खोल रुतलं. हा सौदा वगळलात तर पुढचा उठाव नुसता बेशिस्तपणा वाटेल.

दुसरा तास तारखांचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालू होती, फ्रान्सपेक्षा १३ दिवस मागे. पेट्रोग्राडची २३ फेब्रुवारी म्हणजे फ्रान्सची ८ मार्च. शिवजयंती तिथीने आणि तारखेने दोनदा येते, हे आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे हा भाग चटकन समजतो. फळ्याचे दोन भाग करा, डावीकडे 'रशियात काय झालं', उजवीकडे 'फ्रान्समधल्या शिपायाला काय कळलं'. डावीकडे १५ मार्च १९१७ (तारखा फ्रान्सच्या दिनदर्शिकेप्रमाणे), झारचा राज्यत्याग. त्याच्या आदल्या दिवशी पेट्रोग्राड सोव्हिएतचा, म्हणजे तिथल्या कामगार-शिपायांच्या परिषदेचा, आदेश क्रमांक १: प्रत्येक तुकडीत शिपायांची निवडलेली समिती हवी, शस्त्रांचा ताबा समितीकडे, अधिकाऱ्यांनी शिपायांना अरेतुरे करायचं नाही. उजवी बाजू लगेच भरू नका. बातमी उशिरा पोचते, अधिकारी ती चाळून सांगतात, बाकी सगळं कानोकानी. फळ्याची ती रिकामी बाजू मुलांना बघू द्या.

मग १६ एप्रिल घ्या. फ्रेंच सेनापती जनरल निव्हेलच्या जर्मनांवरच्या मोठ्या हल्ल्याचा दिवस. आदल्या रात्री पहिल्या ब्रिगेडमधल्या पहिल्या रेजिमेंटच्या शिपायांनी लढायचं की नाही यावर मतं घेतली आणि लढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या ब्रिगेडने रान्सजवळचं कूर्सी गाव जिंकलं. दोन्ही ब्रिगेड मिळून काही हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. वर्गातही मतदान घ्या, चिठ्ठ्या टाकून. मात्र उजव्या बाजूला जेवढं लिहिलंय तेवढ्याच माहितीवर. कोणी 'पण पुढे लेनिन येणार आहे' म्हणालं, तर ती चिठ्ठी बाद करा.

तिसरा तास ला कूर्तिनचा. मध्य फ्रान्समधल्या या लष्करी छावणीत उन्हाळ्यात दोन्ही ब्रिगेड आणून ठेवल्या. पहिल्या ब्रिगेडमधल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: आता इथे लढणार नाही, घरी पाठवा. तिसरीतले बहुतेक झारनंतर आलेल्या हंगामी सरकारशी एकनिष्ठ राहिले आणि जुलैत छावणीबाहेर पडले. सप्टेंबरमध्ये रशियन जनरल झान्केविचने निर्वाणीचा इशारा दिला, आणि १६ सप्टेंबरपासून छावणीवर तोफा सुरू झाल्या. तोफांवर रशियनच होते, भोवती फ्रेंच फौजेचा वेढा. तीन-चार दिवसांत उठाव मोडला, शिपायांच्या समितीचा पुढारी ग्लोबा पकडला गेला. मेलेल्यांचा अधिकृत आकडा दहाच्या आसपास, इतरांचे अंदाज शंभराच्या पुढे. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि कोणता आकडा कोणी, कशासाठी सांगितला असेल, हे मुलांना विचारा.

इथे 'मग ते गद्दार होते का?' हा प्रश्न हमखास येतो. फौजी घरातलं मूल विचारतं तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो. टाळू नका, आणि आपलं मत लादूही नका. फळ्यावर लिहा: शपथ कोणाला? आधी झारला, तो गेला. मग हंगामी सरकारला, नोव्हेंबरमध्ये तेही गेलं. मार्च १९१८ मध्ये नव्या सरकारने जर्मनीशी तह केला, आणि हे अजून फ्रान्समध्येच. फ्रान्सने त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या: पुन्हा आघाडी, मजुरी, नाहीतर अल्जीरियात सक्तीचं काम. वर्गाचे तीन कोपरे तीन वाटांना द्या आणि मुलांना उभं राहायला सांगा, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. आघाडीचा कोपरा निवडणाऱ्यांना रोदिओन मालिनोव्स्कीबद्दल सांगा. मशीनगनवरचा हा पोरगा रशियन लीजनमधून, म्हणजे आघाडीवर परतलेल्या रशियन स्वयंसेवकांच्या तुकडीतून, फ्रान्ससाठी लढला, १९१९ मध्ये व्लादिवोस्तोकमार्गे परतला आणि १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा संरक्षणमंत्री झाला. अल्जीरियाच्या कोपऱ्यातल्यांपैकी बहुतेकांची नावं पुस्तकात सापडत नाहीत. हेही सांगा. अनेकांना घर दिसायला १९२० उजाडलं.

गृहपाठ म्हणून घरी लिहिलेलं पत्र द्या, पण प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी वाटा: एप्रिल १९१६, मार्च १९१७, सप्टेंबर १९१७, डिसेंबर १९१७. त्या तारखेनंतरचं एक अक्षर पत्रात नको. पत्रं लष्कराकडून तपासली जात, म्हणून काय लिहायचं टाळलं ते वेगळ्या कागदावर लिहायला सांगा. गुण देताना तो दुसरा कागद आधी वाचा.