मोडीच्या डब्यातून गिऱ्हाईकाच्या हातात: जुनी नाणी स्वस्तात घेऊन ऑनलाइन कशी विकायची

जून महिना, पेरणीचे दिवस, जालन्याच्या सराफ्यात ओळखीच्या पेढीवर मी बसलो होतो. एक आजोबा आले, धोतराच्या सोग्याची गाठ सोडली अन चार चांदीचे रुपये काट्यावर ठेवले, चारही चारमिनार छाप. सराफानं एक उचलून बघितला अन म्हणाला, "बाबा, हे हाली हायेत, कलदार न्हाईत, चांदी कमी निघंल." वजन झालं, घट कापली, पैसे दिले, नाणी मोडीच्या डब्यात गेली अन तिथून आटणीला जाणार होती. त्या चारातल्या एकाच्या कमानीत जे अक्षर होतं ते बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं होतं, पण ना आजोबांनी बघितलं ना सराफानं, दोघांच्या लेखी ती फक्त चांदी.

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. या धंद्यातला नफा विकताना ठरत नाही, घेताना ठरतो, अन घेताना तो त्यालाच मिळतो ज्याला नाणं वाचता येतं. म्हणून पैसे घालायच्या आधी महिना दोन महिने नुसतं वाचायला शिका.

नाणं वाचायचं कसं

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता अन निजामाचं चलन वेगळं होतं, त्याला म्हणायचे हाली शिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. हिशोब असा की ७ हाली म्हणजे ६ कलदार. त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या घरांत दोन्ही प्रकार सापडतात, अन पुण्या-मुंबईकडच्या संग्राहकाला जे हाली नाणं शोधावं लागतं ते इथं आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यात, नाहीतर लक्ष्मीपूजनाच्या डबीत पडलेलं असतं.

चारमिनारच्या रुपयावर कमानीत बघा, भिंग लावून. 'मीम' असंल तर सहावा निजाम महबूब अली खान, 'ऐन' असंल तर सातवा, उस्मान अली खान, जो १९११ ला गादीवर आला. उर्दू येत नसंल तर गल्लीतल्या एखाद्या चाचांकडून नाहीतर निजामाच्या शाळेत शिकलेल्या आजोबांकडून ही दोन अक्षरं अन दहा आकडे लिहून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आकड्यांची खूण सांगतो, शून्य म्हणजे नुसतं टिंब, एक म्हणजे उभी रेघ, पाच उलट्या बदामासारखा, सात इंग्रजी व्ही सारखा अन आठ म्हणजे तोच व्ही उलटा. सन हिजरी असतो, त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा की इंग्रजी साल जवळपास येतं, म्हणजे १३३० हिजरी हे १९१२ च्या आसपास.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर साल अन सालाखालची खूण बघायची. मुंबई टांकसाळीचा पत्त्यातल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, अन कोलकात्याची काहीच खूण नाही. एकाच सालाचं एकच नाणं, पण एका टांकसाळीचं ढिगानं मिळतं अन दुसरीचं शोधून सापडत नाही, असं लई वेळा होतं.

सामान थोडंच लागतं

०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक, अन एक वही. यातला काटा सगळ्यात महत्त्वाचा. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, म्हणून तर पूर्वी सराफ रुपयाच वजन म्हणून पारड्यात टाकायचे. त्यात १९३९ पर्यंत चांदी ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून इंग्रजांनी चांदी ५० टक्क्यांवर आणली, वजन तेच पण चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, त्याला चुंबक लागतं, चांदीला लागत नाही. जुना चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास अन चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शुद्ध चांदीचे ग्रॅम गुणिले त्या दिवसाचा भाव, हा झाला तुमचा तळाचा भाव, एवढ्याला तर ते कुठंही मोडता येतं. अन सराफाशी बोलताना ग्रॅममध्येच बोला, आज तोळा म्हणजे बरेच जण १० ग्रॅम धरतात, तिथं गडबड होते.

स्वस्तात कुठं मिळतं

सगळ्यात बिनधोक जागा म्हणजे बँक अन किराणा दुकान. आपल्याकडं अजून कित्येक गावांत १० रुपयाचं नाणं दुकानदार घेत नाहीत, चालत नाही म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच १० रुपयाच्या १४ डिझाइनची सगळी नाणी चालतात म्हणून जाहीर केलंय. मग ज्याच्या गल्ल्यात अडकून पडलीत त्याला नोटा द्या, तो खुशीनं देतो. त्यातून बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं २०१५ चं नाणं, असली स्मारक नाणी वेगळी काढा, बाकीची बँकेत भरून टाका. छापील किमतीला घेतलं, छापील किमतीला परत गेलं, तोटा शून्य. तसंच बँकेतून १ अन २ रुपयांची थैली घेऊन निवडत बसा, १९९९ चं संत ज्ञानेश्वरांचं १ रुपयाचं, त्याच सालचं शिवाजी महाराजांचं २ रुपयाचं, १९९० चं बाबासाहेबांचं १ रुपयाचं. ही दुर्मिळ नाहीत, हे स्वच्छ सांगतो, पण माणसं भावनेनं घेतात, अन चकचकीत न वापरलेलं असंल तर छापील किमतीच्या कितीतरी पट देतात.

दुसरी जागा आठवडी बाजार. संभाजीनगरला छावणीचा गुरुवारचा बाजार, जाफर गेटचा रविवारचा, शिवाय तुमच्या तालुक्याचा. जुनी भांडी, कुलपं, घड्याळं घेऊन बसणाऱ्याकडं डबाभर नाणी असतात. सकाळी लवकर जा, एक एक नाणं उचलून भाव विचारू नका, कारण तुम्ही जे उचलाल त्याचा भाव वाढतो, सगळ्या डब्याचा उक्ता भाव काढा. तांबट अन भंगारवाल्याला नंबर देऊन ठेवा, त्यांच्याकडं तांब्या-पितळेत नाणी किलोनं येतात, त्यात १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा, ढब्बू पैसे, १९५७ पासूनचा नया पैसा, पितळी रंगाचे कमळाचे २० पैसे, हे असतंच असतं. २५ पैसे अन त्याच्या खालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती तर लोक अशीच देऊन टाकतात.

तिसरी सराफाची मोड. त्याला चांदीच्या भावावर थोडं वर द्या, आटवायच्या आधी डबा बघू देतो, दोघांचं भागतं.

चौथी जागा म्हणजे घरं, अन इथं जरा थांबून सांगायचंय. एखादी मावशी विश्वासानं फडकं सोडून नाणी पुढं ठेवते तेव्हा तिला आधी चांदीचा भाव सांगा, काट्यावर तिच्यासमोर वजन करा, मग तुम्ही किती देता ते सांगा. गळ्यातल्या माळेतलं नाणं, तांड्यावरच्या बायांच्या जुन्या दागिन्यातलं नाणं, देव्हाऱ्यातलं पुजेचं नाणं, ते घरच्यांनी आपणहून दिलं तरच घ्या, मागून घेऊ नका. मी एका आजीला उस्मान अलीच्या दोन अधेल्यांचा, म्हणजे अर्ध्या रुपयाच्या नाण्यांचा, रास्त भाव दिला होता, तिनं पुढं तिच्या बहिणीचं, जावेचं, शेजारणीचं घर दाखवलं, सहा महिने माल कमी पडला नाही.

कायद्याचं नीट समजून घ्या

जमिनीत, पाया खणताना, विहिरीच्या गाळात सापडलेलं गाडगं अन त्यातली नाणी घेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. पैठण, तेर, दौलताबाद या आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, तिथं अन तेरला सातवाहनांची नाणी सापडतात, ती शिशाची मळकट गोळी दिसते पण त्यावर राजाचं नाव असतं. ती शेतातून उचलून विकली की ती कुठल्या थरात, कशासोबत होती हे कायमचं गेलं, आपल्याच गावाचा इतिहास आपण शंभर दोनशे रुपयांत विकला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एकदा जाऊन बघा, मग हात धजणार नाही.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, त्याच्या विक्रीचा धंदा करायला लायसन लागतं अन असलं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणीछाप, पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये, महबूब अलीचे सगळे, हे हाताला लागलं तर लायसनवाल्या डीलरकडं किंवा नाण्यांच्या लिलावगृहाकडं न्या, स्वतः फेसबुकवर टाकू नका. नवख्यानं धंद्यासाठी सहाव्या जॉर्जची १९३८ ते १९४७ ची नाणी, उस्मान अलीची शेवटच्या वर्षांतली छोटी नाणी, अन भारत सरकारची १९५० पासूनची, एवढ्यातच राहावं, याच्यातही आयुष्य जाईल एवढं आहे.

फसवणूक कुठं होते

मी पहिल्या वर्षी एका यात्रेत पाच चांदीचे रुपये घेतले, दिवेलागणीची वेळ, काटा घरी विसरलेलो, भाव चांगला वाटला. घरी येऊन वजन केलं तर एकही ११ ग्रॅमला पोचेना, अन भिंगात बघितलं तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, अंगावर बारीक बारीक खड्डे, म्हणजे साच्यात ओतलेली. महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून काटा खिशात नसंल तर चांदीला हात लावत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावानं १६१६, १७१७, १८१८ असं साल टाकलेली राम दरबार नाहीतर हनुमानाची नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत, ती टोकनं आहेत. तांदूळ ओढणारं नाणं म्हणून जे सांगतात तो निव्वळ गंडा. १९३९ चा रुपया खरंच दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याची नक्कल जास्त, कुणी स्वस्तात देत असंल तर सोडून द्या. अन वैष्णोदेवीच्या ५ रुपयाच्या नाण्याला लाखो मिळतात असे व्हिडिओ फिरतात, तुमचं नाणं घेतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स मागतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आमच्या नावानं कुणी असली फी मागत असंल तर तो आमचा माणूस नाही. घेणारा कधी विकणाऱ्याकडून पैसे मागत नसतो.

नाणं घासू नका

चिंच, राख, टूथपेस्ट, लिंबू, काहीच नाही. चांदीवर जी काळसर निळी झाक चढते तिला संग्राहक पैसे देतात, घासलं की बारीक ओरखडे पडतात अन ते कधी जात नाहीत. माती असंल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा अन कापडानं टिपून घ्या, पुसू नका. नाणं कायम कडेनं धरा.

भाव लावणं अन विकणं

ऑनलाइन लोक काय भाव मागतात ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा. लिलावगृहं झालेल्या लिलावाचे भाव जाहीर करतात, फेसबुकच्या लिलावाच्या ग्रुपमध्ये शेवटची बोली दिसते, महिनाभर रोज वहीत लिहा.

स्वस्त नाण्यात एक मेख आहे. २० रुपयाचं नाणं विकलं तर पोस्टाचा खर्च नाण्यापेक्षा जास्त, गिऱ्हाईक पळून जातं. म्हणून सेट करा. समजा डबा ६०० रुपयांना उक्ता घेतला, २०० नग, म्हणजे नग ३ रुपये पडला. त्यातून १९५७ ते १९६३ नया पैसा अन १९६४ चा नुसता पैसा सालवार लावा, ३ पैशाचं षटकोनी नाणं १९६४ पासून सालवार लावा, नाहीतर एकाच सालाचं तिन्ही-चारही टांकसाळींचं लावा. आठ नाण्यांच्या सेटमध्ये सात सहज मिळतात अन आठव्यासाठी तुम्ही चार डबे चाळता, गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या आठव्याचे. उरलेली झिजलेली नाणी शाळेतल्या पोरांसाठी ५० नगांचं पाकीट करून द्या.

फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. दोन्ही बाजू, कड, अन चांदीचं असंल तर काट्यावर ठेवून आकड्यासकट. ओरखडा, भोक, डाग (कडी जोडायचा झाळ) लावल्याची खूण, जे आहे ते लिहा. माळेतून काढलेल्या नाण्याला वर डाग असतोच, तो लपवला अन माल परत आला तर दोन्हीकडचा पोस्ट खर्च तुमच्या अंगावर.

पैसे आधी घ्या, अन लक्षात ठेवा, पैसे यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो. जो करायला लावतो तो चोर. नाणं पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घाला, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबं हिरवं पडतं. पाकीट हलवून बघा, खुळखुळ आवाज यायला नको, वरून 'नाणी' असं लिहू नका, चांदीचं असंल तर विमा करून पाठवा अन पॅक करतानाचा व्हिडिओ ठेवा.

खरेदीची वेळ सांगतो, मे-जूनमध्ये बी-खतासाठी माणसं चांदी मोडायला काढतात, सराफाच्या डब्यात तेव्हा सगळ्यात जास्त येतं. मी त्या दिवसांत रोख हाताशी ठेवतो अन आटणीच्या भावापेक्षा वर देतो, कारण विकणारा अडचणीत असतो. चांदीची नाणी मग नवरात्रापर्यंत बाहेर काढत नाही. धनत्रयोदशीच्या आधीच्या पंधरा दिवसांत फोन वाजायला लागतात.