जन्मानंतर किडनीत कोणते जीन्स कधी चालू-बंद होतात हे बघायचंय? मग असं करा

आधी प्राणी आणि दिवस नीट ठरवा. माणसात नवे नेफ्रॉन (किडनीतले रक्त गाळणारे बारीक एकक) बनणं गर्भातच संपतं, साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत, पण माउसचं पिल्लू जन्मलं तरी त्याच्या किडनीत हे काम अजून तीन-चार दिवस चालूच असतं आणि रॅटमध्ये त्याहून जास्त. म्हणून माउस घेतला तर जन्मदिवस ० धरून ०, २, ४, ७ असे पहिल्या आठवड्यातले दिवस जवळजवळ घ्या, पुढे १४, २१, २८ चालतील. एथिक्स कमिटीची परवानगी आधीच घ्या. सगळे सॅम्पल दिवसाच्या एकाच वेळेला काढा, किडनीतले बरेच जीन्स दिवसरात्रीच्या चक्राप्रमाणे वरखाली होतात.

किडनी काढली की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, आरएनए (चालू जीनची पेशीत बनणारी नक्कल) काढल्यावर डीएनेज, म्हणजे सोबत आलेला डीएनए तोडणारं एन्झाइम, द्यायला विसरू नका. क्यूपीसीआरला (एखाद्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएच ह्या मेटाबॉलिझमच्या जीनवर भरवसा ठेवू नका प्लीज, वाढत्या किडनीत मेटाबॉलिझमच बदलत असतं, त्यामुळे दोन-तीन रेफरन्स जीन्स (ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ते) घ्या आणि ते सगळ्या दिवसांत स्थिर आहेत का ते आधी तपासा.

आता खरा मुद्दा, ह्याच्यासाठीच लिहायला बसले. आठवड्याभरात सिक्स२ हा जीन जवळजवळ गायब झालेला दिसेल आणि लगेच लिहावंसं वाटेल की जीन बंद झाला. थांबा! सिक्स२ चालू असतो प्रोजेनिटर पेशींत, म्हणजे ज्यांच्यापासून नेफ्रॉन बनतात त्या मूळ पेशींत, आणि त्या पेशीच नेफ्रॉन बनवता बनवता संपून जातात, म्हणजे अख्खी किडनी दळून काढलेल्या आरएनएत जो आकडा घसरला तो जीन दाबला गेल्यामुळे की पेशीच उरल्या नाहीत म्हणून, हे त्या आकड्यावरून कळूच शकत नाही. रेनिन ह्या रक्तदाबाशी संबंधित जीनचंही तसंच, सुरुवातीला तो किडनीतल्या धमन्यांच्या भिंतीत लांबवर दिसतो, नंतर ग्लोमेरुलसजवळच्या (नेफ्रॉनमधला रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ) थोड्या पेशींपुरता उरतो, पण ही जागा बदलल्याचं क्यूपीसीआर काही सांगणार नाही. त्यामुळे त्याच दिवसांच्या किडनीचे सेक्शन (पातळ काप) कापून इन सिटू कराच, म्हणजे जीनचा आरएनए नेमका कोणत्या पेशीत आहे ते कापावरच दिसतं. दोन किडन्यांपैकी एक आरएनएला, एक सेक्शनला, सोपं पडतं.

आणि रेग्युलेशन हा शब्द वापरायचाच असेल तर सिंगल न्यूक्लियस अटॅक-सीक (एकेका पेशीकेंद्रात डीएनएचा कोणता भाग उघडा आहे ते शोधायची पद्धत) करून कोणत्या पेशीत कोणता एन्हान्सर, म्हणजे जीनचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, उघडा आहे ते बघा, पण उघडा दिसला म्हणजे तोच जीन चालवतो असंही नाही, तो तुकडा काढून टाकल्यावर जीन खाली येतो का हे बघावंच लागतं.