सारखं तोंड येत होतं, ते कशाने थांबलं (ठाणे)

लक्षण: ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरे, लाल काठाचे फोड. आठ-दहा दिवसांत बरे, की पुन्हा नवे. तिखट सोडलं, तुरटी लावली (तुरटीने जखम आणखी चुरचुरते), बी कॉम्प्लेक्स घेतलं. वर्षभर नुसता वैताग.

आधी टूथपेस्ट बदलली. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली घ्या. फेस आणणारा हा घटक काहींना वारंवार तोंड आणतो. मग जांभळी नाक्यावरून जेष्ठमधाच्या काड्या आणल्या. पूड नको, ती फोडावर चिकटून टोचते. काड्या जाडसर कुटून एक चमचा भरड दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायची, गाळायची, पूर्ण कोमट होऊ द्यायची. जेवणानंतर साध्या पाण्याने चूळ भरून हा काढा मिनिटभर तोंडात धरायचा आणि थुंकायचा. गिळू नका, जेष्ठमधाने रक्तदाब वाढतो. काढा रोज ताजा. संध्याकाळी जाईची चार कोवळी पानं चावून रस फोडावर फिरवायचा, चोथा थुंकायचा. झोपताना साजूक तुपाचं बोट.

जळजळ तिसऱ्या दिवशी गेली. नवे फोड थांबले ते मात्र पेस्ट बदलल्यामुळे, असं माझं मत.

बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच. तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, विशेषतः तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांना, तर काढा बाजूला ठेवून थेट दंतवैद्याकडे जा.