इन्क्लूडइफ लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका

गिटमधलं (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) ब्रांच, मर्ज वगैरे येतंय, नवीन नोकरी लागलीये आणि एकाच लॅपटॉपवर ऑफिसचा आणि स्वतःचा कोड ठेवताय, अशांसाठी हे लिहितोय. माझी जी शोभा झाली ती तुमची होऊ नये.

अंधेरीत पहिली नोकरी लागली तेव्हा टीममधल्या एका दादाने इन्क्लूडइफ दाखवलं, म्हणजे गिटच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधली ओळ, जी अट जुळली तरच दुसरी फाइल आत घेते. रेपो (गिट सांभाळतं तो प्रोजेक्टचा फोल्डर) ऑफिस फोल्डरखाली असेल तर ऑफिसचा ईमेल घे, घरच्या फोल्डरखाली असेल तर घरचा. हे २०१७ च्या गिट २.१३ पासून आहे, म्हणजे नवीन काही नाही. दादाने आपली अख्खी कॉन्फिग फाइल पाठवली आणि मी न वाचता चिकटवली. कुणाची तयार फाइल अशी उचलू नका हो, चालते तोवर बरं वाटतं, अडली की कुठे हात घालायचा तेच कळत नाही.

दोन महिने मस्त चाललं. मग एके दिवशी डोंबिवली लोकलमध्ये, चक्क बसायला जागा मिळालेली, डाउनलोड्समध्येच एक टेस्ट रेपो बनवला आणि कमिट मारलं, म्हणजे बदलांची नोंद केली, जिच्यावर आपलं नाव आणि ईमेल छापला जातो. तो दोन्ही फोल्डरच्या बाहेर, त्यामुळे गिट म्हणालं तू कोण ते आधी सांग, आणि खाली कमांडही छापून दिली, ग्लोबल (लॅपटॉपवरच्या सगळ्या रेपोंना लागू) यूझर ईमेलवाली. मी ती तशीच मारली, कॉलेजातला ईमेल टाकून, ज्यात 'डॅशिंग' असा शब्द आहे, हसू नका.

घोळ इथे झाला. माझ्या मेन फाइलमध्ये यूझरचा सेक्शनच नव्हता, सगळं इन्क्लूडवाल्या फाइलींमध्ये. मग गिटने नवीन सेक्शन बनवून फाइलच्या एकदम शेवटी टाकला, इन्क्लूडइफच्या खाली. आता गिट फाइल वरून खाली वाचतं, इन्क्लूडइफची अट जुळली की त्या फाइलमधला मजकूर तिथेच ओततं आणि पुढे वाचत राहतं, आणि ईमेल दोनदा सापडला तर शेवटचा धरतं. प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट होते ना, आधी दोन म्हणाले नंतर तीन म्हणाले तर आपण तीनवरच पळतो, तसंच. म्हणजे माझी अट जुळत होती, ऑफिसचा ईमेल येतही होता, पण खालची ओळ त्याला पुसत होती. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. अकरा कमिट क्लायंटच्या रेपोत गेले, मग रिव्ह्यूमध्ये तिकडच्या बाईंनी विचारलं की हा डॅशिंग कोण.

मी तासभर स्लॅशच्या मागे लागलो होतो. तोही लोचा खराच आहे, गिटडिरच्या, म्हणजे रेपो कुठल्या फोल्डरखाली आहे ते बघणाऱ्या, अटीत फोल्डरच्या नावाला शेवटी स्लॅश नसेल तर आतले रेपो जुळतच नाहीत. आणि चेक करताना नुसत्या ऑफिस फोल्डरमध्ये उभं राहून बघू नका, रेपोच्या आत जा, कारण अट डॉटगिट (रेपोतला गिटचा लपलेला फोल्डर) कुठे आहे ते बघते, तुम्ही कुठे आहात ते नाही. पण माझं दुखणं ते नव्हतंच.

रेपोत जाऊन गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल यूझर.ईमेल मारा. प्रत्येक ईमेल कुठल्या फाइलमधून आला ते क्रमाने दिसतं, सगळ्यात खालचा तुमचा. यूझरचा सेक्शन वर, इन्क्लूडइफ सगळ्यात खाली, बस. मी तर आता ग्लोबल ईमेल ठेवतच नाही, यूझकॉन्फिगओन्ली ट्रू करून टाकलंय, ईमेल ठरलेला नसेल तर गिट कमिटच करू देत नाही. अडलेलं परवडतं.

घाबरू नका, पुश केलं नसेल (कमिट सर्व्हरवर पाठवले नसतील) तर शेवटचा कमिट अमेंडला रिसेट-ऑथर लावून दोन सेकंदात सुधारतो. यात कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) बदलतोच, त्यामुळे पुश झालं असेल तर मात्र फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरचं जुनं पुसून नवं चढवणं, लागतं, आणि शेअर्ड ब्रांचवर ते करायला नवीन पोराला कोण देतंय. माझे अकरा तसेच राहिले. परवाच एकाने त्यातल्या एका फाइलवर ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं आणि लंचला सगळ्यांसमोर "काय डॅशिंग" म्हणाला.